ग्रेडरच्या घरातला कापूस

“आंदर हात घाल, मंग बोल.”

खुशालराव गावंडे हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणत. भाजीवाल्याच्या टोपलीपाशी म्हणत, सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांना म्हणत, बायकोनं ताक पुढं केलं तरी म्हणत. वाक्य त्यांच्या नोकरीतून आलं होतं. तीस वर्षं ते सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. काही वर्षं अंजनगाव सुर्जीला, काही चांदूर बाजारला आणि शेवटची बारा अकोल्याला. बैलाची बंडी केंद्रावर लागली की खुशालराव सदऱ्याची बाही वर सारत आणि कापसात खांद्यापर्यंत हात घालत. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा असतो, असं त्यांचं म्हणणं. ते मधली मूठ उपसून काढत, अंगठ्यानं उसवत, त्यातली सरकी दाताखाली धरत. सरकी कटकन फुटली तर कापूस सुका. चिवट लागली तर ओला. मग ते बोलत, आणि त्यांच्या एका शब्दावर बंडी आत जाई, नाहीतर बैलांची तोंडं फिरत.

त्या शब्दात किती बळ आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते बळ त्यांना आवडत होतं.

अंजनगावला असताना गोदाबाई नावाची एक बाई तीन दिवस रांगेत होती. नवरा नव्हता, बंडी तिनं स्वतः हाकत आणली होती. चौथ्या दिवशी सकाळी तिचा नंबर लागला. खुशालरावांनी हात घातला, सरकी चावली आणि म्हणाले, “ओला.”

“साहेब, दंव पडलं वरतून. आंदरचा कोरडा ठन्न हाय.”

“आंदर पाह्यलं म्हूनच बोलून राहिलो.”

गोदाबाईनं तीच मूठ उचलून स्वतःच्या गालाला लावली. रांगेतल्या सगळ्यांना दाखवत म्हणाली, “पाहा बाप्पा, हा ओला हाय काय?” तोवर खुशालराव पुढच्या बंडीत खांद्यापर्यंत गेले होते. त्या दिवशी घरी जेवताना ते बायकोशी काय बोलले, ते मनकर्णाबाईंनी बरीच वर्षं पोटात ठेवलं.

निवृत्त झाल्यावर खुशालरावांनी अकोल्यात फ्लॅट घेतला. बाळापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेणुका अपार्टमेंट, तीन मजले, नऊ घरं. दुसऱ्या मजल्यावर यांचं घर. मनकर्णाबाईंना काळ्या दगडाचा ओटा मिळाला, उभ्यानं स्वयंपाक. खुशालरावांना सेक्रेटरीपद मिळालं. कोणी दिलं नाही, त्यांनी पहिल्या सभेला वही उघडली आणि बाकीच्यांनी मान हलवली.

फ्लॅट ही गोष्ट मात्र त्यांना काही दिवस उमगेना. खालची जमीन नऊ जणांची, वरचं छत नऊ जणांचं, आणि मधे अधांतरी आपलं घर. “आपली भिंत कुठं सरते आन सोसायटीची कुठं लागते?” ते मनकर्णाबाईंना विचारत. त्या म्हणत, “झाडू कुठपर्यंत मारू तेवढं सांगा, मले तेवढंच पायजे.”

दोन हजार पाच साली मुंबईत पाणी भरलं, लोकांची घरं वाहून गेली, आणि त्याच्या दुसऱ्याच महिन्यात अमरावतीहून केशवराव नावाचा विमा एजंट स्कूटरवर रेणुका अपार्टमेंटला आला. रविवारी सकाळी गच्चीवर सतरंजी टाकून सभा भरली.

“विमे दोन,” केशवराव म्हणाला. “एक आख्ख्या इमारतीचा. भिंती, छत, जिना, टाकी. तो सोसायटीनं काढायचा. दुसरा ज्याचा त्याचा, घरातल्या सामानाचा.”

“आन भिंतीत बसवलेलं कपाट?” खुशालरावांनी विचारलं. “ते भिंतीचं का सामानाचं?”

“ते... तसं पाहिलं तर...”

“आंदर हात घाल, मंग बोल.”

गच्ची हसली. केशवराव कान खाजवत कागद चाळू लागला. पुढच्या रविवारी तो उत्तर घेऊन आला, तेव्हा खुशालरावांकडे नवे सात प्रश्न तयार होते.

महिनाभर त्यांनी तीन कंपन्यांचे कागद वाचले. बारीक अक्षरासाठी भिंग आणलं. असा विमा निवडणारा माणूस अकोल्यात दुसरा नव्हता, हे केशवरावही सांगे. रक्कम किती लावायची यावरून सभेत वाद झाला. तळमजल्यावरचा एक जण म्हणाला, फ्लॅट ज्या भावात घेतला त्या रकमेचा काढा. दुसरा म्हणाला, अर्ध्याचा काढा, हप्ता कमी बसेल.

खुशालरावांनी दोघांनाही बसवलं. “घराच्या भावात जागेचा भाव असते. जागा कधी जळते काय? इमारत पुन्हा बांधाले जे लागते, त्याचा विमा काढा. आन कमी लावसान तर नुकसानीत कंपनी त्याच मापानं कापीन. अर्धा विमा काढसान तर अर्धंच भेटीन. मले नका शिकवू. मी तीस वर्षं कापत आलो.”

घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याची सोय, ही ओळ त्यांनी ठेवली. भूकंपाची ठेवली. एका ओळीवर मात्र त्यांनी भिंग थांबवलं. आपल्या घरातून आग किंवा पाणी जाऊन शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. केशवराव म्हणाला, ही घ्याच, फ्लॅटमध्ये हीच खरी कामाची.

“हे येड्यायसाठी हाय,” खुशालराव म्हणाले. “माह्या घरातून कोनाचं नुकसान होत नसते.”

“राहू द्या ना खुशालभाऊ,” मागून शिंपी जैनुद्दीन बोलला. “थोडक्या पैशात काम होते.”

“तुमच्या घरातून होते काय, जैनूभाई?”

लोक पुन्हा हसले. खुशालरावांनी नऊही अर्जांवरची ती ओळ स्वतःच्या पेनानं कापली.

जैनुद्दीन तिसऱ्या मजल्यावर राहायचा, बरोबर खुशालरावांच्या डोक्यावर. शाळांचे गणवेश शिवायचा. पुढच्या खोलीत दोन मशिनी, भिंतीला कापडाचे ठाण. बायको वारलेली. मुलगी महेजबीन जरीकाम करायची, आणि तिचं लग्न चांदूर बाजारच्या एका घरात ठरलं होतं. तीन वर्षं ती स्वतःच्या लग्नाचे कपडे स्वतः भरत होती.

कागदात एक अट होती. ती खुशालरावांनीच सभेत मोठ्यानं वाचून दाखवली. इमारतीतल्या कोणत्याही घरात व्यापाराचा माल किंवा लवकर पेट घेणारा साठा आढळला, तर आख्ख्या इमारतीचा विमा रद्द. वाचून झाल्यावर त्यांनी भिंग खिशात घातलं आणि म्हणाले, “आता मी घरोघर पाहून येतो.”

आणि पाहिलं. दिवाणाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं, बायकांच्या कोठीघरात पाहिलं. एका घरातून रॉकेलचा डबा खाली उतरवला. मग ते जैनुद्दीनकडे चढले.

“हे काय?”

“शाळेचे डिरेस, भाऊ. तुमाले माहीतच हाय.”

“हा माल झाला.”

“घरात बसून शिवतो मी. दुकान थोडीच लावलं? मानूस घरात काम नाई करत काय?”

“काम करा. ठाण नको. तुमच्या कापडापायी आठ घरायचा विमा गेला तर चालते तुमाले?”

खुशालरावांची नजर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीवर गेली. “हिच्यात?”

“पोरीचं हाय. लग्नाचं.”

“उघडा.”

महेजबीननं पेटी उघडली आणि ती बाजूला सरली. खुशालरावांनी बाही वर सारली. जरीच्या ओढण्या, दुपट्टे, घडी केलेले शरारे, त्यांच्या मधून हात तळापर्यंत नेला, चाचपला आणि बाहेर काढला. बोटांना जरीची चमक लागली होती. ती त्यांनी सदऱ्याला पुसली. “हे घरसामान हाय. राहू द्या.”

आठ दिवसांनी मशिनी खाली गेल्या. रस्त्यापलीकडे एक टिनाची खोली जैनुद्दीननं भाड्यानं घेतली. जिन्यावर खुशालराव उभे होते. मशीन वळवताना ते दोनदा म्हणाले, “भिंत सांभाळा, भिंत सोसायटीची हाय.”

त्या साली कापसावरचा बोनस गेला, भाव बसला. केंद्रं उघडत आणि बंद पडत. खुशालरावांचा धाकटा भाऊ भगवंत बाळापूरजवळच्या गावी घरची शेती करत होता. जानेवारीत त्यानं मालमोटार भरली आणि आदल्या संध्याकाळी कापसावर पाणी शिंपडलं. वजनासाठी शिंपडतात, बरेच जण शिंपडतात. सकाळी बाळापूरला कळलं की केंद्र पंधरा दिवस बंद, आत जागाच नाही. भरलेली गाडी परत गावी नेऊन ठेवणार कुठं, घर तर आधीच छतापर्यंत भरलेलं. तो तसाच अकोल्याला भावाच्या दारात आला.

“दादा, पंधरा दिवस ठेवा.”

“इचारतं काय? आन वरतं.”

पाणी शिंपडल्याचं भगवंत बोलला नाही. त्याला वाटत होतं, सांगायची गरजच नाही, दादा हात घालतीलच.

दादांनी हात घातला नाही. आमच्याकडे घरचा कापूस घरात येतो तेव्हा उंबऱ्याशी त्याला हळदकुंकू लावतात. मनकर्णाबाईंनी लावलं, पाण्याचा तांब्या ओवाळून दारात ओतला. खुशालराव टोपी काढून उभे राहिले. अशा कापसात हात खुपसून तपासायचं म्हणजे माहेरी आलेल्या लेकीच्या पिशवीची झडती घ्यायची. तीस वर्षांत हजारो बंड्यांत गेलेला तो हात त्या दिवशी जोडलेला राहिला.

गाठोडी जिन्यावरून चढू लागली. जैनुद्दीन कात्री विसरला होता, ती न्यायला वर चालला होता. वाट द्यायला तो भिंतीला चिकटून उभा राहिला.

“कापूस आला काय, भाऊ?”

“घरचा हाय.”

“हो ना. घरचाच असते,” जैनुद्दीन म्हणाला आणि वर गेला.

कापूस पुढच्या खोलीत ओतला. ढीग भिंतीवर चढत चढत विजेच्या बोर्डापर्यंत गेला आणि बोर्ड त्यात बुडाला. मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या.

“आवं, त्या विम्याच्या कागदाचं काय?”

“काय त्याचं?”

“जैनूभाईचं कापड तुमी उतरवलं खाली.”

“ते माल होता. हा घरचा कापूस हाय. घरच्या कापसाले कोनी माल म्हनते काय?”

हे त्यांनी चोरून किंवा चलाखीनं म्हटलं नव्हतं. वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या कापूस माजघरात राहतो. पोरं त्यावर उड्या मारतात, म्हातारी माणसं त्याला टेकून बसतात, दिवाळीचा फराळ त्याच्या पायथ्याशी बसून होतो. जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, गेला की तो माल. तोवर तो घरातलं माणूस. भिंग लावून कागदाची ओळन्‌ओळ वाचणाऱ्या खुशालरावांना ही एक ओळ आपल्या पुढच्या खोलीपर्यंत येते, असं कधी वाटलंच नाही.

दहाव्या दिवशी दोघं एका साखरपुड्याला बाळापूरला गेले. दुपारी बाराच्या सुमारास बोर्डात शिरलेल्या ओलीनं ठिणगी टाकली. कापूस एकदम भडकत नाही. तो आतल्या आत धुमसतो, वरून पांढराच दिसतो. खालच्या लोकांना वास आला तेव्हा दुसऱ्या मजल्याचे पडदे पेटले होते आणि ज्वाला गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावर चढत होती.

वर महेजबीन एकटी होती. बाप टिनाच्या खोलीत मशीनवर होता. मशिनी घरात असत्या तर तोही घरात असता. पोरगी जिन्यापर्यंत आली आणि पेटीसाठी मागं फिरली. पेटी ओढत दारापर्यंत आणली, पण दारात ती अडकली. मग तिनं निदान कपडे तरी काढावेत म्हणून दोन्ही हातांनी झाकण धरलं. तोवर आगीच्या झळांनी पत्रा तव्यासारखा तापला होता.

तळमजल्याच्या लोकांनी तिला ओढून खाली आणलं. पेटी वरच राहिली.

दोन घरं जळून गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला स्लॅब तडकला, आणि महापालिकेच्या माणसानं खडूनं फुली मारून सांगितलं की आता कोणीच आत राहायचं नाही. आठ कुटुंबं नातलगांच्या ओसरीवर गेली. जैनुद्दीन मशिनींच्या मधे चटई टाकून झोपू लागला. महेजबीनच्या दोन्ही तळहातांना सरकारी दवाखान्यात पट्ट्या बांधल्या. डॉक्टर म्हणाले, हात बरे होतील, सुई धरता येईल असं सांगता येत नाही. चांदूर बाजारच्या लोकांनी निरोप पाठवला की लग्नाची घाई नाही. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

भगवंत भावाच्या पायाशी येऊन बसला. “दादा, मी पानी मारलं होतं.”

खुशालराव टोपी काढून झटकत राहिले.

“मले वाटलं, तुमी हात घालसान.”



आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. कंपनीचा सर्व्हेअर येणार होता. तो कापसाला माल म्हणाला, तर नऊही घरांना काही मिळणार नव्हतं. घरसामान म्हणाला, तर इमारत उभी राहणार होती.

अंगणात सोसायटीची माणसं जमली. खुशालरावांना शिव्या देऊन झाल्या, भगवंताला देऊन झाल्या. एक जण म्हणाला, “बुढ्याले पयले जिन्यावरून लोटा.”

“शिव्या मंग देऊ,” जैनुद्दीन म्हणाला. “पयले घर.”

तोच उठून रस्त्यापलीकडे खुशालरावांकडे गेला. ते पानटपरीच्या बाकावर बसले होते.

“ऐका, भाऊ. कापूस माह्या पोरीच्या लग्नातल्या गाद्यांचा होता. वर जागा नव्हती, म्हून तुमच्याकडं ठेवला. गादीचा कापूस म्हंजे घरसामान. केशवरावले इचारून घेतलं मी. आमी सगळे हेच बोलनार हाओ. तुमाले काहीच बोलाचं नाई. फकत चूप राहा.”

खुशालरावांनी मान डोलावली.

जैनुद्दीन जाता जाता वळला. “तुमाले खोटं बोला म्हनून नाई राहिलो. फकत चूप.”

सर्व्हेअर तरणा होता, मूळचा कोकणातला, अमरावतीच्या कचेरीत येऊन वर्षही झालं नव्हतं. आंबा-नारळ ओळखणारा माणूस. कापूस त्यानं उशीत पाहिलेला. तो रुमाल नाकाला लावून दुसऱ्या मजल्यावर चढला, जळका बोर्ड पाहिला, फोटो काढले आणि अंगणात येऊन खुर्चीवर बसला. समोर नऊ घरांची माणसं. एका बाजूला महेजबीन, मांडीवर दोन पांढरे हात ठेवून.

“एवढा कापूस कशासाठी होता?”

“गाद्यांसाठी, साहेब,” जैनुद्दीन म्हणाला. “ही माही पोरगी. लगीन होतं.”

“किती गाद्या?”

“अकरा. उशा अलग. आमच्यात बारातीले गाद्या देतात.”

तळमजल्यावरच्या माणसानं दुजोरा दिला. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावून दिला. सर्व्हेअरनं महेजबीनच्या हातांकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि लिहू लागला. कारण, विजेचा दोष. साठा, घरगुती वापराचा. जैनुद्दीन त्याच्या पेनाकडे पाहत होता. पेन शेवटच्या ओळीवर आलं होतं.

तेवढ्यात सर्व्हेअरचं लक्ष बाजूला उभ्या खुशालरावांकडे गेलं. “काका, घर तुमचं ना? अर्जावर तुमचा धंदा वाचला. तुम्ही तर कापसातले मोठे जाणकार.” आपुलकीनंच बोलला बिचारा. पिशवीतून त्यानं नमुन्यासाठी घेतलेला एक गोळा काढला, बाहेरून काळा, आतून पिवळट. “घ्या, तुम्हीच सांगा म्हणजे माझं काम झालं. हा गादीचाच कापूस ना?”

नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हणायचंही नव्हतं, मान हलवली असती तरी भागलं असतं.

खुशालरावांनी गोळा हातात घेतला. कोणी सांगितलेलं नसताना डावा हात बाही वर सारू लागला. अंगठा गोळ्याच्या मधे गेला, त्यानं गोळा उसवला, आतली अर्धी भाजलेली सरकी बाहेर काढली. त्यांनी ती दाताखाली धरली. जैनुद्दीन पुटपुटला, “भाऊ.”

सरकी चिवट लागली.

“गादीच्या कापसात सरकी नसते,” खुशालराव म्हणाले. आवाज केंद्रावरचा होता, लांबच्या बंडीलाही ऐकू जाईल असा. “हा वेचनीचा कापूस हाय. बाजाराचा. आन ओला होता.”

सर्व्हेअरचं पेन थांबलं. त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, कागद फाडला आणि नवा घेतला.

तळमजल्यावरची बाई खाली बसली. खुशालराव सरळ उभे होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांची छाती पुढं आली होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदा ते पुन्हा ग्रेडर झाले होते.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं. सेक्रेटरी म्हणून त्यांच्याच नावानं आलं. अंगणात उभं राहून त्यांनी भिंग काढलं आणि ते वाचून दाखवलं. अट क्रमांक अमुक, साठा, माहिती दडवली, दावा नामंजूर. एक अक्षर गाळलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, “कायद्यानं बरोबर हाय.”

लोक एकेक करून पाठ फिरवून निघून गेले. उरल्या मनकर्णाबाई, जैनुद्दीन, आणि रस्त्यापलीकडे टिनाच्या खोलीच्या दारात बसलेली महेजबीन.

“मी खोटं कसं बोलू?” खुशालराव म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. “कापसाच्या बाबतीत मी कधी खोटं नाई बोललो.”

“गोदाबाईचा?” मनकर्णाबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“अंजनगावची गोदाबाई. तीन दिवस रांगेत होती. त्या दिवशी ताटावर बसून तुमी सांगितलं मले, कापूस सुका होता, सरकी कटकन फुटली. वरतून हुकूम होता, अर्ध्या बंड्या परत पाठवा, आत जागा नाई. तुमी भाकर खाल्ली आन झोपले. तशे किती सुके कापूस तुमी ओले केले, मले सांगता? मी मोजले नाई. तुमाले खरं-खोटं काही नाई. तुमच्या हाताले नाई म्हनाची सवय हाय. त्या बाईच्या बखती नाई, ह्या पोरीच्या बखती नाई. एका घरच्या कापसाले तेवढं नाई म्हना लागत होतं, तवा हात जोडून उभे राहिले.”

जैनुद्दीन खाली पाहत होता. तो हळूच म्हणाला, “राहू द्या, वहिनी.”

“राहू कायले देऊ? आता राहाले काय हाय?”

खुशालरावांनी पत्राची घडी केली, भिंग त्यावर ठेवलं आणि दोन्ही वस्तू जैनुद्दीनच्या हातात दिल्या. सेक्रेटरीपद दिल्यासारखं दिलं. मग बायकोला म्हणाले, “चाल. भगवंताकडं जाऊ.”

“तुमी जा,” मनकर्णाबाई म्हणाल्या आणि जळक्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

खुशालराव फाटकातून बाहेर पडले आणि बाळापूरच्या दिशेनं रस्त्याच्या कडेनं चालू लागले. पिशवी नव्हती, छत्री नव्हती. ऊन डोक्यावर होतं. मनकर्णाबाईंनी मान वळवली नाही. जैनुद्दीन कागद धरून उभा होता, पण तो कागदाकडे पाहत होता. त्यांना जाताना पाहिलं ते फक्त महेजबीननं, टिनाच्या दारातून.

रस्त्याच्या वळणाशी शेवटच्या वेचणीचा फरदड कापूस भरलेली एक बंडी बाजाराकडे येत होती. खुशालराव तिच्या बरोबरीला आले तसे थांबले. बंडीवाल्यानं बैल धरले, ओळखीचा माणूस वाटला असेल. खुशालरावांचा उजवा हात उचलला, डाव्यानं बाही कोपरापर्यंत सारली. तिथं हात थांबला. बंडीवाला वाट पाहत होता. मग खुशालरावांनी बाही खाली ओढली, मनगटाशी तिचं बटन लावलं आणि ते पुढं गेले.

महेजबीन वळण रिकामं होईपर्यंत पाहत राहिली. मग दार लोटायला तिनं हात पुढं केले, आणि पट्ट्यांची आठवण होऊन कोपरानं लोटलं.